मामाची मांडी

“अहो कंडक्टर, जरा थांबवता का गाडी? पोराला शू लागलीय.”

“बाई, आत्ता तर स्टँडवरनं निघालोय आपण!”

“ते मला कळतंय हो. त्याला कळत नाही ना.”

सगळी एसटी हसली. कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि घंटीची दोरी ओढली. मी उठले. उठले म्हणजे काय, डोंबाऱ्याचा खेळच तो. डाव्या कडेवर सात महिन्यांची ईश्वरी, डोक्याला कुंची, तोंडात माझ्या मंगळसूत्राची वाटी. उजव्या हाताला अडीच वर्षांचा हर्षद, त्यानं आपली चड्डी आपणच गुडघ्यापर्यंत आणलेली. खांद्याला ही एवढी पिशवी. लंगोट, झबली, दुपटं, उकळलेल्या पाण्याची बाटली, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, दोन नारळ, तांदूळ, खण. शेजारच्या बाईकडं मी आशेनं बघितलं, म्हटलं घेईल जरा बाळाला. तर ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाभळी तिनं जन्मात बघितल्या नसाव्यात.

कशीबशी खाली उतरले. हर्षूला रस्त्याच्या कडेला उभा केला. तो इकडं तिकडं बघत राहिला आणि म्हणाला, “नाय आली.”

“नाय आली? अरे मेल्या, आता कर की!”

“नाय.”

परत वर चढलो. गाडी सुटली आणि दोन मिनिटांत माझ्या मांडीवर ऊन ऊन काहीतरी लागलं. मी कुणाला काही बोलले नाही. दुपटं घातलं खाली आणि बसले.

तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाला, “पोरगी मात्र गोड आहे हो तुमची.”

“पोरगा आहे.”

“मग हे केस?”

हर्षूच्या दोन वेण्या घातल्या होत्या मी, लाल रबरं लावून. नाहीतर केस डोळ्यांत जायचे, जेवताना तोंडात जायचे, उकाड्यात मानेवर पुरळ उठायचं.

“जावळ राहिलंय त्याचं.”

पुढच्या बाकावरच्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं. “आजून? एवढं घोडं झालं तरी? मामा न्हाई का त्याला?”

“आहे की!” मी जरा जोरातच बोलले. “त्याच्याकडंच तर निघालोय. आज दोघांचंही आहे.”

आणि खरं सांगते, हे बोलताना माझी छाती अशी फुगली होती, की ओल्या साडीचंही काही वाटेना.

वीस वर्षं होत आली त्याला. तेव्हा मी अठ्ठावीसची. कऱ्हाडला राहायचो, हे सूतगिरणीत पाळीवर. माझं माहेर माणदेशात, सगळा माळ आणि कुसळं. आई मी शाळेत असतानाच गेली. आबा गेले ते हर्षू पोटात असताना. राहिला एक भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, जालिंदरदादा. त्यानं मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत नेलेलं. माझ्या लग्नात पाठवणीला सगळ्यांत जास्त तोच रडलेला. आता माहेर म्हणजे दादा, आणि दादा म्हणजे माहेर. दुसरं काही उरलंच नव्हतं.

आमच्याकडं जावळ काढतात ते मामाच्या मांडीवर. दिवस मामानं काढायचा, कपडे मामानं आणायचे, पहिली बट मामानं कातरायची, मग न्हाव्यानं वस्तरा लावायचा. मामा नसला तर मानलेला बघतात. पण सख्खा असून आला नाही, तर त्या बाईला लोक काय म्हणतात ते तिलाच विचारा. हर्षूच्या पहिल्या वर्षी दादा म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ दे आबांचं. बरोबर आहे, म्हटलं. दुसरं वर्ष समाचं, चालत नाही. तिसरं लागलं तशा सासूबाई सुरू झाल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. पोराच्या डोक्याला तेल लावता लावता रोज म्हणायच्या, “वैजयंता, तुज्या भावाला मांडी हाय का न्हाई गं? का वैनीनं कुलूप लावून ठिवलीय?”

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

आणि मग एका मंगळवारी यांच्या मोबाइलवर दादाचा फोन. “वैजू, गुरुवारी ये. दोघांचंबी जावळ काढून टाकू. तू तालुक्याच्या स्टँडवर उतर, मी जीप घेऊन येतो, तसंच देवाला जाऊ.”

“या गुरुवारी? दादा, यांना पाळी आहे. सासूबाई वन्संकडं गेल्यात आठ दिवस. मी एकटी दोघांना घेऊन कशी…”

“आता एवढं ठरवलंय, तर तू मोडता घालू नको. परत मला सवड नाही.”

मोडता? मी? फोन ठेवला आणि नाचायचीच राहिले. हे म्हणाले, “अगं, पुढच्या रविवारी जाऊ की, मी येतो बरोबर.” मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. दिवस मामानं काढलाय. मामानं काढलेला दिवस आपण मोडायचा नाही. कॅलेंडरकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. ते काम मामाकडचं. शिवाय दोन दिवसांत दोन पोरांचं आवरून, लंगोट वाळवून, न्हाव्याची ओटी बांधून निघायचं, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

दहाच्या सुमाराला गाडी पोचली. दादा होता. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला मोबाइल. मला बघून हसला आणि पहिल्यांदा पुढं येऊन माझ्या कडेवरची ईश्वरी घेतली. तिनंही काय करावं, लगेच त्याच्या मिशीला हात घातला.

“आरं तिच्या! ही तर आपल्या आईवर गेलीय की गं, वैजू. कपाळ बघ.”

झालं. माझे डोळे भरून आले. आई गेल्यावर आईचं नाव कोण काढतं हो? सासरी कुणी तिला बघितलेलंही नव्हतं.

हर्षूला त्यानं खांद्यावर घेतलं. हर्षूनं त्याचे कान धरले आणि “घोडा, घोडा” करायला लागला. मी मागनं पिशवी घेऊन चालत होते. ओझं एकदम निम्म्यानं कमी झालेलं. एक गोष्ट डोळ्यांना दिसली, पण मनाला लागली नाही. दादाच्या हातात पिशवी नव्हती. मामा जावळाला आला होता तो हात हलवत. मी म्हटलं, कपडे जीपमध्ये असतील.

जीप उभी होती, पण आम्ही त्या दिशेनं गेलो नाही.

“वैजू, देवाला जायच्या आधी कचेरीत एक काम आहे. पाच मिनिटांचं.”

“कसलं?”

“आबांच्या जमिनीला दोघांची नावं लागलीत. कागद तयार आहे, तुझी आपली सही पाहिजे.”

मी काही खुळी नव्हते. हक्कसोडपत्र म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीतल्या चार जणींनी त्या वर्षात सह्या केल्या होत्या. कायदा बदललेला, लेकींना सारखा वाटा म्हणून. त्या वर्षी जिकडं तिकडं भावांना बहिणींची फार आठवण यायला लागली होती. आणि आमच्या माळावर तर कॅनॉलचे दगड रोवले होते म्हणे. ज्या सात एकरांत बारा वर्षं धड ज्वारी पिकली नाही, तिथं पाणी येणार होतं.

पण तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, की घे बाबा. घे तुला. बहिणीनं वाटा मागितला की माहेराचं दार बंद, हे ऐकतच मी मोठी झाले. मला काय करायचा तो माळ? मला दिवाळीला जायला एक घर पाहिजे होतं, पोरांना मामा पाहिजे होता. त्यानं नुसतं म्हटलं असतं, वैजू, मला देऊन टाक, तर मी घरातनं चालत येऊन सही केली असती. देवाशपथ केली असती.

“चल की,” मी म्हटलं. “मला काय त्यात.”

दादाचा चेहरा सैल पडला.

कचेरीच्या समोरच दस्त लिहिणाऱ्या देशमान्यांची खोली होती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक पंखा. साक्षीला दादानं गावातले दोघं आणलेले, ते बाहेर पारावर तंबाखू मळत बसले. देशमाने म्हणाले, “नंबर लागायला वेळ आहे, बसा ताई.” पाच मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. लहान पोरं घेऊन कुठं थांबायचं म्हणजे काय असतं, ते पुरुषांना नाही कळायचं. ईश्वरी भुकेनं रडायला लागली, मी भिंतीकडं तोंड करून पदराआड तिला पाजलं. तेवढ्यात हर्षूनं शाईच्या पॅडमध्ये दोन्ही हात घातले आणि देशमान्यांच्या कागदावर पंजा उठवला. तो पुसेपर्यंत ईश्वरीनं दूध ओकलं. मग हर्षूला भूक लागली. मग त्याला नको झालं. मग त्याला जीपच पाहिजे झाली. दादा मात्र कधी नव्हे इतका गोड. बिस्किटाचा पुडा आणला, पोराला दोनदा कडेवर घेऊन फिरवून आणलं, ईश्वरीला मोबाइलची घंटी ऐकवली.

“दादा, देवाला जायला उशीर नाही ना व्हायचा?”

“न्हाई गं. बारा किलोमीटर तर हाय.”

हर्षू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट करून “बाप्पा, बाप्पा” करत होता. वर चित्र होतं गणपतीचं. कुठंतरी गुंतून राहील म्हणून मी त्याला उचललं आणि कॅलेंडरापाशी नेलं. त्यानं बाप्पाच्या सोंडेला हात लावला, शाईचा. मी त्याचा हात खाली ओढला, तो त्या दिवसाच्या चौकटीवर आला.

काळा ठिपका. खाली बारीक अक्षरात, अमावास्या प्रारंभ सकाळी सात वाजून काही मिनिटं.

मी दोनदा वाचलं. तारीख बघितली, वार बघितला. गुरुवारच होता.

अहो, अमावास्येला आमच्याकडं माणसं दाढीसुद्धा करत नाहीत. नखं काढत नाहीत. शेंबडं पोरगंही सांगेल. आणि जावळ? तान्ह्या पोराच्या डोक्याला लोखंड, अमावास्येला? माझा भाऊ दर अमावास्येला जीपला लिंबू-मिरची बांधणारा माणूस. त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आजच सकाळी बांधलेली असणार ती. हिरवीगार होती, मी डोळ्यांनी बघितली होती.

मग एकेक करून सगळं उलगडत गेलं. पिशवी का नाही. वहिनी का आली नाही. आजचाच दिवस का.

“दादा.”

तो दारात उभा होता, ईश्वरीला खांद्यावर थोपटत.

“आज अमावास्या आहे.”

त्याचा हात थांबला. “असं? खरं की काय?”

“तू दिवस काढलास ना?”

“आगं, ते… काय झालं, हे नोंदणीचे साहेब उद्यापासनं पंधरा दिवस रजेवर. आजची तारीख मिळाली. मी म्हटलं, तू येणारच हाईस तर…” त्यानं घसा खाकरला. “असू दे गं. आता आलीच हाईस तर कागद उरकून टाकू. जावळाचं काय, पुढच्या पौर्णिमेला करू की. देव कुठं पळून जातोय?”

“पुढच्या पौर्णिमेला तू येशील?”

“येणार म्हणजे काय! आईशप्पत.”

असं म्हणाला आणि खिशातला मोबाइल काढून बघायला लागला. कुणाचा फोन आला नव्हता. देशमाने कॉम्प्युटरवर काहीही टाइप न करता बोटं वाजवत होते. त्यांना सगळं कळलेलं.

मला हसावं का रडावं कळेना. सकाळपासून मी काय काय केलं होतं! चारला उठले, पोराला झोपेतच आंघोळ घातली, मुताच्या साडीत तीन तास बसले, एसटीभर सांगत सुटले की मामाकडं निघालोय. आणि हा आम्हाला जावळाचं गाजर दाखवून अंगठ्यासाठी घेऊन आला होता. शेळीला पाला दाखवून नेतात तसं. तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं, आणि तुटल्यावर एकदम थंड वाटलं.

“दादा, आधी जावळ. मग सही.”

“म्हंजे?”

“समोर न्हाव्याचं दुकान आहे. तू खुर्चीत बस, पोरांना मांडीवर घे. झालं की मी येते कचेरीत.”

“येडी झालीस काय? अवसेला?”

“कागद अवसेला चालतोय ना? मग जावळाला काय झालं?”

“लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

“माझ्या तोंडात अडीच वर्षं घालतायत.”

“वैजू, लेकरांना काय झालं-बिलं तर?”

“त्याची काळजी तू नको करू. तू फक्त बस.”

तो बाहेर गेला. पाराच्या कडेला उभं राहून वहिनीला फोन लावला. खाली मान घालून बोलत होता, पण वहिनीचा आवाज पहिल्यापासून मोठा. दारातनं मला स्पष्ट ऐकू आलं. “बसा की मग! मांडी काय झिजतीय का तुमची? बसा आणि मोकळं व्हा.”

दुकानात एक म्हातारा न्हावी पेपर वाचत बसलेला. गिऱ्हाईक कुठलं येणार त्या दिवशी! मी नारळ, तांदूळ आणि खण काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग पोरांकडं.

“ताई, आज आवस हाय.”

“माहीत आहे, बाबा.”

“जावळाला माझा हात न्हाई वळायचा अवसेला. चाळीस वर्षांत मी न्हाई केलं.”

“बाबा, हा पोरांचा सख्खा मामा. तो आज बसतोय. परत बसायचा नाही.”

एवढंच बोलले मी. त्याहून काही सांगायची सोय नव्हती. म्हाताऱ्यानं दादाकडं बघितलं. दादा आरशात बघत होता. मग म्हातारा उठला, वस्तरा गरम पाण्यात घातला, नवीन पान लावलं. देवाच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, “बसा, मामा.”

‘मामा’ म्हटल्यावर दादा दचकल्यासारखा झाला. बसला. मी हर्षूला त्याच्या मांडीवर दिलं. लाल रबरं सोडली. म्हाताऱ्यानं कात्री दादाच्या हातात दिली, “पैली बट मामानं.” दादानं एक बट धरली. कातरली. मी पदर पसरून खाली बसले होते, ती बट माझ्या पदरात पडली.

मग हर्षूनं जे भोकाड पसरलं म्हणता! रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. “आये, अवसेला जावळ?” कुणीतरी बोललं. दादाची मान खाली गेली. हर्षू हातपाय झाडत होता, दादानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं, म्हातारा “झालं, झालं, राजा” करत वस्तरा फिरवत होता. आणि मध्येच पोरानं कार्यक्रम उरकला. सगळी पांढरी पँट पिवळी झाली. म्हाताऱ्याला हसू आलं. “मामाला प्रसाद मिळाला,” म्हणाला. कुणीच हसलं नाही.

ईश्वरी मात्र रडली नाही. तिला आरसा दिसला, आरशात दादा दिसला. ती त्याच्याकडं बघून खुदकन हसली. दोन दात आलेले तिला. आणि काय सांगू, दादाही हसला. विसरलाच क्षणभर. गाल फुगवून तिला फूऽऽ करून दाखवलं, अगदी आबा करायचे तसं. तिचं एवढंसं रेशमी जावळ, दोन मिनिटांत निघालं. तेवढी दोन मिनिटं तो खरा मामा होता. तेच मला अजून सोसत नाही. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्यानं दोघांच्या टकलांवर हळदीचं बोट लावलं. नारळ घेतला, पैसे घेतले नाहीत. मी पदराची गाठ मारली. दुसऱ्या दिवशी कृष्णेला सोडलं ते जावळ.

कचेरीत आमचा नंबर लागला तेव्हा हर्षू मला असा चिकटलेला, की खाली उतरेना. मुंडण झालेलं डोकं माझ्या मानेत खुपसून हुंदके देत होता. ईश्वरी दादाकडं. साहेबांनी चष्म्यातनं बघितलं.

“बाई, कागद वाचून बघितलात?”

“हो.”

“यात तुम्ही तुमचा सगळा हिस्सा भावाला सोडताय. मोबदला काही नाही. समजतंय ना?”

‘मोबदला काही नाही’ यावर मी दादाकडं बघितलं. त्यानं ईश्वरीची कुंची नीट केली.

“समजतंय.”

“राजीखुशीनं? कुणाचा दबाव नाही?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. देशमाने, साक्षीदार, दादा. दादानं ईश्वरीला जरा घट्ट धरलेलं मला दिसलं. मी नाही म्हणू शकले असते. अजूनही रात्री कधी जाग आली की मी तिथं उभी असते आणि नाही म्हणते. पण मी शब्द दिला होता, त्यानं मांडी दिली होती. सौदा माझाच होता.

“राजीखुशीनं,” मी म्हटलं.

मग फोटो. कॉम्प्युटरला लावलेला तो छोटा कॅमेरा. बसलेला पोरगा म्हणाला, “ताई, बाळाला उतरवा, एकटीचा पाहिजे.”

“उतरत नाही हो.”

त्यानं प्रयत्न करून बघितला. हर्षूनं पुन्हा सूर लावला. “राहू दे, तसाच काढ,” साहेब म्हणाले. “चेहरा आला म्हणजे झालं.” मग दादाची पाळी. दादानं ईश्वरीला साक्षीदाराकडं दिलं, कॉलर सारखी केली, केसांवरनं हात फिरवला आणि सरळ बसला.

अंगठे झाले. देशमान्यांनी एक झेरॉक्स माझ्या पिशवीत घातली. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “स्टँडवर सोडू का?” मी म्हटलं, “नको, जवळच तर आहे.” त्यानंही आग्रह केला नाही. पँट धुवायची होती त्याला.

घरी यांना सांगितलं, देवाला गेलो होतो. सासूबाईंना सांगितलं, मामानं मांडीवर घेतलं, वाटेल त्याला विचारा. त्यांनी पोरांची टकलं कुरवाळली, दृष्ट काढली. दादाचा त्यानंतर फोन आला नाही. मी दोन दिवाळ्या वाट बघितली. नंतर कळलं, माळावर पाणी आलं, आता द्राक्षं आहेत. देवाच्या दयेनं पोरांना काही झालं नाही. आवस नडली ती मलाच.

परवा हर्षद मोबाइलवर कुणाच्या तरी भाच्याच्या जावळाचा व्हिडिओ बघत होता. मामा फेटा बांधून बसलेला, फुलं, ढोल, काय विचारू नका.

“आई, माझ्या जावळाचा एकसुद्धा फोटो नाही?”

“आहे की एक.”

मी पेटीतून ती झेरॉक्स काढली आणि शेवटचं पान त्याच्यापुढं धरलं. माझा फोटो, केस विस्कटलेले, कपाळावरचं कुंकू पसरलेलं. माझ्या खांद्यावर एक गुळगुळीत टक्कल, हळदीच्या बोटासकट. बाजूला माझं नाव आणि खाली छापलेलं, लिहून देणार.

हर्षद हसत सुटला. “हा टकल्या मी? अगं पण मामा कुठाय? मांडीवर तर मामा घेतो ना?”

“खालच्या चौकटीत बघ,” मी म्हटलं. “लिहून घेणार.”